काहूनकाका

काहूनकाकांना कुणी चहा घेता का विचारलं, तरी ते आधी आपल्या वऱ्हाडीत ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, म्हणत आणि मग दोन कप पीत. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ते एकटेच राहत. तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. त्यांचा साहेब हिंदी बोलणारा. काकांचं ‘काहून’ त्याला ‘कहूँ?’ असं ऐकू येई आणि तो मान डोलावून म्हणे, ‘हाँ, कहो.’ का म्हणून विचारलं की सांग म्हणणारा एवढा एकच माणूस आपल्याला भेटला, असं काका कौतुकानं सांगत.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा बाबा वैतागले. काका मात्र पुस्तक मागायला आले. ज्ञान खरं कशावरून ठरतं, हा धडा माझ्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. काकांनी तो थेट कारखान्यात नेला.

“गोळा बरोबर आहे, कशावरून? मापावरून. माप बरोबर कशावरून? साहेबाच्या कपाटातल्या मापावरून. अन् ते कशावरून?” मग स्वतःच हसले. “तिथं कुलूप आहे, पोरी.”

परीक्षेत मी कुलपासकट सगळं लिहिलं आणि पास झाले.

लढाई लागली तसा ओव्हरटाइम वाढला. दादा, माझा थोरला भाऊ, सीमेवर होता. एका संध्याकाळी काकांनी चहाला हात लावला नाही. “गोळा बरोबर बनला, हे मी सांगतो. तो टाकणं बरोबर आहे का, याचं माप कोणाजवळ आहे?” बाबा भडकले. पोरगा तिकडे असताना माझ्या घरात हे नको, म्हणाले. त्यानंतर काका आमच्याकडे येत, पण काही विचारत नसत.

दादा गेल्याची तार आली तेव्हा मी डाळ निवडत होते. तार वाचली आणि राहिलेली डाळ निवडून संपवली. आई रडताना दिसत होती, ऐकू येत नव्हती. नदीवर, ग्वारीघाटावर दहावा झाला, तिथंही मला फक्त पाणी गार लागलं. माझी मला भीती वाटू लागली.

घरी परतलो तर काका ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, “काका, काहून?”

काका साहेबासारखी मान डोलावून हळूच म्हणाले, “हाँ, कहो.”

दादाला कारलं आवडायचं, इथून मी सुरुवात केली.