देडतलाई दहा किलोमीटर जवळ

रस्त्याच्या खात्यात तीस वर्षं होत आली. डांबर चपलेला चिकटतं तसे किस्से चिकटतात. घासले तरी जात नाहीत! आमच्या बुऱ्हाणपूरच्या गँगमध्ये सहा माणसं, आणि किलोमीटरचे दगड रंगवायला पेंटर जगनभाऊ. त्यांचा आकडा असा वळणदार, की रस्ता खराब असला तरी दगड बघून बरं वाटायचं.

*

इच्छापुरजवळ मैलाचा जुना दगड होता, आकडे कोरलेले. काढायला गेलो तर केळीच्या बागेतले बाबा आडवे आले. "हा कुठं चालला?"

"बाबा, मैल बंद झाले. आता किलोमीटर."

"मैल बंद झाले, भारे बंद झाले का? बाया डोक्यावरचा भारा कुठं टेकवतील?"

'दगड सापडला नाही' असं लिहून दिलं साहेबांना!

*

धूलकोटकडे एका दगडावर रोज गोधडी वाळत असायची. नवीन साहेब फोनवर ओरडले, "खड्डा कितव्या किलोमीटरला?" पलीकडून गावकरी शांतपणे म्हणाला, "गोधडीवाल्या." जीप बरोबर तिथंच थांबली! जगनभाऊंनी गोधडी उचलून दगड रंगवला आणि रंग सुकेपर्यंत ती हातात धरून उभे राहिले.

*

जगनभाऊंच्या सुनीताला देडतलाईचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पण वहिनी अडून बसल्या. "इतकी दूर पोरगी काहून देता?"

वहिनींना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. बसने जाऊन घर बघायचं ठरलं. आदल्या दिवशी जगनभाऊंनी मला शपथ घातली, रंगाचा डबा उचलला आणि बस थांबते तिथल्या तीन दगडांवर देडतलाई दहा किलोमीटर जवळ आणली! साहेबांना कळतं तर नोकरी गेली असती.

वहिनींनी खिडकीतून आकडे वाचले. "नजदीकच आहे," म्हणाल्या. लग्न झालं. मग आम्ही गुपचूप दगड दुरुस्त केले. एकावर झुडूप वाढलं होतं, तो तसाच राहिला.

*

जगनभाऊंना जाऊन वर्ष झालं. फार आठवण येते. यंदा रस्ता रुंद होतोय, दगड उपटून ढीग लावलाय. परवा वहिनी आल्या आणि शोधत शोधत त्याच दगडापाशी थांबल्या.

"भाऊजी, हा मले द्या."

"वहिनी, यावरचा आकडा चुकलाय."

"मालूम आहे. त्या दिवशी पन मालूम होतं. ह्यांच्या नखात काळा रंग होता." त्यांनी पदरानं आकड्यावरची माती पुसली. "पोरगी दूर चालली म्हणून ते सोताचीच समजूत घालत होते, भाऊजी. मी कशी नाही म्हणू?"