ताईच्या वाट्याची कोरी गोळी

सातपूरला पहिल्या पाळीत मशीनवर होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली..." हृदयविकाराचा झटका. आमचे वडील, अण्णा, असेच गेले, थोरला दादाही. कोलेस्टेरॉल आमच्या रक्तातच उतरलेलं. त्या फोनला आज सहा आठवडे होतील.

शकुताई माझी थोरली बहीण, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती निवृत्त झाली त्या वर्षी तिच्या डॉक्टरांनी विचारलं, कोलेस्टेरॉलवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का? तिचं कोलेस्टेरॉलचं नेहमीचं औषध सुरूच राहणार होतं. त्यासोबत काहींना नवी गोळी, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. मी तडकलोच. "तू काय प्रयोगाचा उंदीर आहेस?"

"उंदराला कोणी विचारतं का? मला विचारलंय," ती म्हणाली, आणि संमतीपत्राचं पान न् पान पोरांच्या वह्या तपासाव्यात तसं वाचत बसली. एका वाक्याचा अर्थ लागेना. डॉक्टरांनी तो नीट समजावून सांगेपर्यंत तिने सही केली नाही.

मग दर महिन्याला उपाशीपोटी रक्त द्यायला जायची, बसने, एकटी. एकदा पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की जिना चढवेना. भाचा म्हणाला, "सांगू नकोस, काढून टाकतील." ताई त्याच्यावर डाफरली, "दुखतंय तर दुखतंय असंच लिहायचं. उद्या हे औषध हजारो लोक घेतील, त्यांना खोटं सांगू?" डॉक्टरांनी काही आठवडे गोळी थांबवली, तपासण्या केल्या, पुन्हा सुरू केली. तिने एकही फेरी चुकवली नाही.

चाचणी संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी कळलं, तिची गोळी कोरी होती.

"एवढी वर्षं फुकट गेली की गं!" मी म्हणालो. ती म्हणाली, "वाईट वाटलं रे. आपली खरीच असेल असं वाटायचं. पण कोरी कोणीतरी घ्यायलाच हवी ना? नाहीतर खरीचा गुण कळणार कसा?" आणि लगेच, "आता तुम्ही सगळे रक्त तपासून घ्या."

मी हो हो म्हणत राहिलो.

ताईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, दुसऱ्याच दिवशी भाच्याला आणि माझ्या मुलीला घेऊन मी लॅबमध्ये गेलो. मुलीचा आकडा माझ्याहून वर निघाला. आम्हा दोघांचं औषध सुरू झालंय.

परवा ताईचं कपाट आवरताना एक तक्ता सापडला. पट्टीने आखलेल्या रेघा, घरातल्या सगळ्यांची नावं, नावांपुढे कोलेस्टेरॉलच्या आकड्यासाठी चौकोन, बहुतेक रिकामे. माझ्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टाळतो आहे'. ते मी खोडलं नाही. त्याच्याच खाली माझा आकडा लिहिला.