रविवारचा ओटा

वाशीमच्या कॉलेजात देवमन खिल्लारे कारकून होता, तेव्हा त्याचं खरं ऑफिस रविवारच्या बाजारात भरायचं. परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन तो तेलाच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचा. खेड्यापाड्यांतले बाप मीठमिरची घेता घेता पोरापोरींचे अर्ज तिथंच देऊन जायचे. मुदत शनिवारी संपली तरी देवमनचा रविवार शिल्लक असायचा आणि गठ्ठा सोमवारी विद्यापीठाकडे निघायचा. धावाधाव पुष्कळ, पण कोणाचं वर्ष बुडालं नाही.

चौऱ्याहत्तर साली विद्यापीठाचं फर्मान आलं, कारभार शिस्तीत हवा. देवमन ऑफिस सुपरिंटेंडेंट झाला. खुर्ची, घंटी, दाराला पडदा. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागं, दुसरं काय! ‘अर्ज ऑफिसाबाहेर घेतले जाणार नाहीत’ ही सूचना त्यानंच वळणदार अक्षरात लिहून फळ्यावर लावली आणि शनिवारीच गठ्ठा टपालानं धाडला. बाजारात जाऊन चार माणसांना सांगावं, हे साहेबाला सुचलं नाही.

सोमवारी अनसिंगचा भिवाजी लेकीला, विजयमालाला, घेऊन आला. तिचं बी. ए.चं शेवटचं वर्ष. कापूस वेचायला ती पंधरा दिवस घरीच होती.

“काल दिवसभर ओट्यावर तुमची वाट पाह्यली, देवमनभाऊ.”

“फळ्यावर सूचना लावली होती.”

“तो फळा अनसिंगातून कसा दिसन? तुमीच सांगत होते नं बाजारात. लग्नासाठी सोयऱ्यायले परीक्षेपुरतं कसंतरी थांबवलं. आनखी सालभर ते थांबत नाहीत.”

देवमननं विद्यापीठाला ट्रंककॉल लावला. पलीकडेही एक सुपरिंटेंडेंटच होता. यादी बंद झाली, म्हणाला.

भरलेल्या अर्जाची विजयमालानं पुन्हा घडी घातली.

“मंग काका, तुमी आता इथं कायले बसता?”

दोष विद्यापीठाला द्यावा, तर फळ्यावरचं अक्षर देवमनचं स्वतःचं होतं.

पुढच्या रविवारी तो लाज गिळून ओट्यावर जाऊन बसला. लोक जयभीम घालून पुढे गेले.

वैशाखात विजयमालाच्या लग्नाची पत्रिका ऑफिसच्या पत्त्यावर आली. आवक वहीत नोंदल्याशिवाय कागद टेबलावर येऊ द्यायचा नाही, हा नियमही देवमनचाच. दौलतसिंग शिपायानं इमानदारीनं शिक्का मारला, नंबर टाकला आणि विचारलं, “साहेब, विषय काय लिहू?”

देवमननं वही ओढून स्वतःच लिहिलं, ‘विजयमाला भिवाजी, बी. ए. शेवटचं वर्ष. अर्ज घेतला नाही.’