सहा भागिले अर्धा

मुलीने उत्तरपत्रिकेवर अर्धा माणूस काढला होता. कमरेपासून खालचा. दोन पाय, पायांत बूट, आणि बुटांभोवती जमिनीवर पडलेली सहा संत्री. खाली लिहिलं होतं, 'याला हात नाहीत. याला संत्री देता येत नाहीत.' प्रश्न होता, सहा भागिले अर्धा. गणिताच्या सरांनी चित्रावर लाल रेघ ओढली, शून्य गुण दिले आणि पालकांना घेऊन ये म्हणून सांगितलं.

पालक म्हणजे आई. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथे इस्त्रीच्या गरम रुळांतून चादरी बाहेर येतात. दोघीजणी दोन टोकं धरतात, कोपऱ्याला कोपरा जुळवतात, एकमेकींकडे चालत येतात, पुन्हा लांब जातात. यंत्रांच्या घरघरीत तिथल्या सगळ्याच बायका ओरडून बोलतात आणि घरी गेल्यावरही तो आवाज खाली येत नाही. म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिने नुसतं "मी ठिपकीची आई" म्हटलं, तरी बाकीच्यांनी माना वर केल्या. ठिपकी हे मुलीचं घरातलं नाव. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पडलेलं.

सरांपुढे वह्यांचा ढीग होता, बाहीवर खडूची पूड. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. पण घाईतली माणसं जे नुकसान करतात त्याचा जाब त्यांना कुणी विचारत नाही.

"ही माझी थट्टा करते," सर म्हणाले.

"थट्टा नाही केली," ठिपकी म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, भागाकार म्हणजे वाटणी. मग अर्ध्या माणसाला कसं वाटायचं?"

"बघा. हे असं चालतं. किती वेळा सांगितलं, ज्याने भागायचं तो अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. सहा दुणे बारा. संपलं."

"पण उलटा का करायचा?"

"नियम आहे म्हणून." सर आईकडे वळले. "तुम्हालाही बाराच वाटतं ना, ताई? की तुमचं काही वेगळं उत्तर आहे?"

आईच्या मनात 'सहाचे अर्धे' एवढंच आलं होतं. "तीन ना?" ती म्हणाली, तिच्या त्या धुलाईघरातल्या आवाजात.

सर हसले. "आता कळलं, मुलगी कुणावर गेली ते."

पलीकडच्या टेबलावरही कुणीतरी हसलं. ठिपकीने आईकडे बघितलं नाही, स्वतःच्या बुटांकडे बघितलं. आईला ते हसणं लागलं त्याहून हे जास्त लागलं.

सुट्टीनंतर फेरपरीक्षा होती. त्यात अपूर्णांक जमले नाहीत, तर ठिपकीला साध्या गणिताच्या तुकडीत टाकणार होते. तिथे अपूर्णांक नसतात, बीजगणित नसतं, पुढे कशाचंच दार नसतं. त्या तुकडीतून परत वर आलेलं मूल शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. निघताना सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही चादरींच्या घड्या घालता ना? अर्धी, पाव. त्यातूनच समजवा तिला. सोपं जाईल."

दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच चादरीकडे बघितलं. चादर दुमडली की अर्धी होते. पुन्हा दुमडली की पाव. पण सहाला अर्ध्याने भागायचं कसं, हे चादर सांगत नव्हती. इतकी वर्षं घड्या घालून तिला घड्या घालता येत होत्या, एवढंच. कष्टकरी माणसाच्या हातात गणित आपोआप उतरतं ही सरांची समजूत तिला त्या हसण्यापेक्षाही अपमानाची वाटली. म्हणजे हिला शिकवायला नको, हिचं हिने उचलावं.

"काय गं, चादरीवर काय लिहिलंय?" पलीकडचं टोक धरून उभी असलेली थोरली ओरडली. धुलाईघरात सगळ्यांत जुनी म्हणून ती थोरली.

"सहा भागिले अर्धा किती?"

"तीन."

"सर म्हणतात बारा."

"मग सरांना विचार, बाकीची नऊ आणली कुठून."

रद्दीच्या दुकानातून तिने जुनी पाठ्यपुस्तकं आणली, चौथीपासून सातवीपर्यंतची. पहिली पाळी दुपारी सुटायची. घरी येऊन, हात धुऊन, खिडकीजवळच्या खाटेवर ती पुस्तक घेऊन बसायची. धुलाईघरात तिचं नाव मास्तरीण पडलं. कुणी चादर वाकडी धरली की थोरली म्हणायची, "मास्तरीणबाई बघतायत हां, छडी बसेल." नवरा इमारतींना रंग द्यायचा. कानापर्यंत रंगलेला घरी यायचा आणि तिच्या खांद्यावरून पुस्तकात डोकवायचा.

"सहाची बारा झाली?" तो म्हणाला. "अगं, वाटून वाढत असती, तर आपल्याकडे एव्हाना गोदाम असतं."

"गप्प बसा हो. मला काय येतंय ते मला बघू द्या."

तिला नियम लगेच आला. उलटा करा, गुणा. पान भरून गणितं सोडवली, मागची उत्तरं जुळली. मग तिने ठिपकीला समोर बसवलं.

"हं. हा उलटा कर. आता गुण. लिही."

"का पण?"

"असंच असतं गं."

ठिपकीने पेन्सिल खाली ठेवली. "हे तर सरही सांगतात. त्याला तू कशाला हवीस?"

तिला मुलीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही गेला. मग तो तसाच खाली आला, कारण ते वाक्य आपलं नाही, हे तिला अचानक ऐकू आलं. ती शाळेत असताना तिच्या बाई असंच म्हणायच्या. असंच असतं, पाठ कर, बस खाली. ती खाली बसली ती आठवीपर्यंत, मग उठून घरी आली ती कायमची. घरात सगळ्यांनी ठरवलं, पोरीचं डोकं चालत नाही. तिनेही ते मान्य केलं. चेहऱ्यावरचा तीळ मान्य करतो तसं. आणि आता तेच ती समोरच्या कोऱ्या पोरीला टोचून देत होती, स्वतःच्या हाताने, मायेने.

तिने सातवीचं पुस्तक मिटलं आणि चौथीचं उघडलं. लाज वाटली, पण पहिल्या पानापासून सुरुवात केली. मध्येच कुठेतरी दोरीचं एक गणित होतं. सहा मीटर दोरी, दोन-दोन मीटरचे तुकडे केले, तर किती तुकडे होतील? सहा भागिले दोन. तीन तुकडे.

ती पुढच्या गणितावर गेली. मग परत मागे आली.

"ठिपके, इकडे ये. यात वाटणी कुणाला केलीय?"

ठिपकीने वाचलं. "कुणालाच नाही. नुसती दोरी कापलीय."

"पण भागाकार आहे ना?"

"आहे की."

"मग माणसं कुठे गेली?"

"इथे माणसं नाहीतच, आई. इथे विचारलंय, सहामध्ये दोन किती वेळा बसतात."

मग ठिपकीने पेन्सिल उचलली, वहीत आडवी दोरी काढली, तिचे सहा मीटर पाडले. एका मीटरच्या मधोमध रेघ मारली. मग दुसऱ्याच्या.

"अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर प्रत्येक मीटरचे दोन होतात," ती सावकाश म्हणाली. "म्हणून दोनने गुणायचं. म्हणून उलटा करायचा. बारा तुकडे, आई. दोरी तेवढीच आहे. काहीच वाढलं नाही."

"आणि माझे ते तीन?"

"ते सहाचे दोन भाग केल्यावर. दोनने भागल्यावर. अर्ध्याने नाही."

मुलगी हसत सुटली. मास्तरणीला मात्र आनंद झाला नाही. राग आला. एवढंच होतं? चौथीच्या पुस्तकात, धडधडीत छापलेलं? सांगायला कितीसा वेळ लागला असता? आधी वाटणी शिकवली आणि पुढे वाटणी चालेनाशी झाल्यावर दुसरा अर्थ सांगायचा राहून गेला. राहून गेला तो गेलाच. त्या एका न सांगितलेल्या गोष्टीवर तिचं डोकं चालत नाही असं ठरलं, तिने पुढचं सगळं आयुष्य त्यावर बेतलं, कुठे अर्ज करायचा नाही, कुठल्या खोलीत तोंड उघडायचं नाही. आणि ज्यांचं डोकं चालतं असं ठरलं, त्यांनीही ते विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त उलटं करून गुणलं होतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. तो कानामागचा रंग खरवडत होता.

"मी मठ्ठ नव्हते," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

नवऱ्याने वही ओढून घेतली, दोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

फेरपरीक्षेत ठिपकीने दोरी काढली. प्रत्येक गणिताखाली एक ओळ लिहिली, असं का. सगळी उत्तरं बरोबर आली. निकालाच्या दिवशी आईने रजा टाकली आणि शाळेत गेली.

"छान," सर म्हणाले. "राहील ती याच तुकडीत. दोरी वगैरे काढायची गरज नव्हती, वेळ जातो त्यात. पण शेवटी उलटं करूनच गुणलंन ना? मी तेच सांगत होतो."

"तुम्ही ते सांगत नव्हता," आई म्हणाली. "तुम्ही तेवढंच सांगत होता."

सर हसले, पण या वेळी एकटेच. "तुमची मुलगी हुशार आहे, ताई. मान्य."

"हुशारीचं काय त्यात? तिला कळलं, कारण ते तिच्यासमोर आलं. साध्या गणितात जी मुलं टाकली, त्यांना ही दोरी कुणी दाखवली?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"अहो, वर्गात पोरं किती, अभ्यासक्रम केवढा, प्रत्येकाचं का आणि कसं काढत बसलो तर वर्ष पुरायचं नाही." सरांचा आवाज थकलेला होता आणि ते खोटं बोलत नव्हते. "त्यांना नाही जमत. काही मुलांना नसतंच जमत."

"मलाही नव्हतं जमत. त्या दिवशी इथेच हसलात तुम्ही."

सरांनी वह्यांच्या कडा जुळवल्या. पलीकडच्या टेबलावरचे शिक्षक खिडकीबाहेर काहीतरी बघू लागले. तास सुरू झाल्याची घंटा झाली.

"मला आता वर्गावर जायचंय," सर म्हणाले. "साधं गणितच आहे."

"जा ना. तिथेच सांगा."

"आज नाही होणार. आज पाढे आहेत."

"मग मी येते. मागे बसते. पाढे झाले की सांगा."

"आई, चल ना," ठिपकी हळूच म्हणाली आणि तिची ओढणी ओढू लागली. "झालं ना आपलं. मी पास झाले ना."

आईने ओढणी सोडवून घेतली, ठिपकीला तिच्या वर्गाकडे पाठवलं आणि सरांच्या मागोमाग जिना चढू लागली. सर दोनदा थांबले, ती जाईल असं वाटून. मग थांबायचे बंद झाले. साध्या गणिताचा वर्ग वरच्या मजल्याच्या टोकाला होता. दार उघडलं तेव्हा आतली मुलं उभी राहिली आणि सरांच्या मागे आलेल्या या मोठ्या आवाजाच्या बाईकडे बघू लागली. तिने मागचा बाक गाठला. बाक लहान होता, गुडघे वर येत होते. शेजारच्या मुलीने दप्तर सरकवून जागा केली.

सर फळ्याशी उभे होते, खडू हातात घेऊन, पाठमोरे. मुलं पाढे म्हणायला सुरुवात करायची वाट बघत होती. आईही वाट बघत होती.