बंदरावरची बाई आणि आमचं भजनी मंडळ

आमच्या घरात गळा आईकडे गेला आणि माझ्या वाट्याला नुसता घसा आला. आई गावातल्या बायकांच्या भजनी मंडळाची म्होरकी. तिनं काळी पाचमध्ये सूर लावला की दोन गल्ल्या पलीकडची म्हैस कान टवकारते, असं वडील म्हणतात. कौतुकानं म्हणतात की वैतागानं, हे त्यांनी आजवर उघड केलेलं नाही. माझी गोष्ट वेगळी. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला आधी पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत नेलं आणि मग थेट झेंड्याच्या खांबापाशी नेऊन उभं केलं. "तू नुसते ओठ हलव," म्हणाल्या. मी दहावीपर्यंत ओठ हलवले.

म्हणून जपानच्या नोकरीसाठी गाणं म्हणून दाखवावं लागेल हे कळलं, तेव्हा मी फोन बंद करून सरळ ज्वारी निवडायला बसले.

नर्सिंग झालं होतं. कळंबच्या एका दवाखान्यात नोकरी करत करत वर्षभर जपानी शिकले होते, परीक्षाही पास झाले होते. तिकडच्या वृद्धाश्रमांत माणसं हवी असतात. पण दोन मुलाखती हातच्या गेल्या होत्या. पहिल्या वेळी नेट गेलं. दुसऱ्या वेळी नेट होतं, पण मी इतकी घाबरले की माझं वय विचारलं तर गावाची लोकसंख्या सांगितली. वडिलांनी जाहीर केलं, "ही तिसरी. न्हाय झालं तर परंड्याचं स्थळ पक्कं करायचं."

स्थळ वाईट नव्हतं. मुलाचं मोबाईलचं दुकान होतं. बघायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "कव्हर कुठनं घेतलं?" त्या प्रश्नावर जन्म काढायची माझी तयारी नव्हती. मला जपानला जायचं होतं, आणि खूप जायचं होतं.

जपानीच्या मॅडमनी सांगितलं, "त्या आश्रमात दर बुधवारी दुपारी आज्यांचा कराओके असतो. मशीनवर चाल वाजते, पडद्यावर शब्द येतात, एकेकीनं उठून गायचं. आश्रमाच्या प्रमुख बाई मुलाखतीत गाणं म्हणायला लावतातच." मग त्यांनी बायका म्हणतात अशी पाच गाणी पाठवली. पाचही गाण्यांत एक बाई होती आणि एक निघून गेलेला माणूस होता. कुठं बर्फ, कुठं स्टेशन, कुठं दारूचा पेला. मी बंदराचं गाणं निवडलं, कारण त्यात शब्द कमी होते.

आईनं अर्थ विचारला.

"बाई बंदरावर उभी हाय. तो बोटीनं गेला. पाऊस पडतोय. ती वाट बघतीय."

"मग?"

"मग काय न्हाय. तिन्ही कडवी वाटच बघतीय."

"घरी कामंधामं न्हाईत व्हय तिला?" आई म्हणाली आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

मॅडमच्या सूचना वहीत लिहून घेतल्या होत्या. बायकांचं गाणं खालच्या आवाजात, शेजारणीला गुपित सांगावं तसं सुरू करायचं. आवाजाचा कंप ओळीच्या शेपटाला द्यायचा, सगळीकडे नाही. रडायचं नाही, रडणं ऐकणाऱ्याकडे सोपवायचं. पडद्यावरच्या अक्षरांत रंग भरत जातो, त्याच्या पुढं पळायचं नाही आणि मागंही राहायचं नाही. पट्टी झेपत नसेल तर बटण दाबून उतरवायची, त्यात लाज नाही. माईक दोन्ही हातांनी धरायचा आणि शेवटी वाकून नमस्कार.

आईला यातली एकही गोष्ट पटली नाही. "गुपित सांगायचं तर माईक कशाला? बेंबीपासनं काढ आवाज." दोन दिवसांत तिनं ते गाणं नुसतं ऐकून पाठ केलं. एका अक्षराचा अर्थ माहीत नसताना ती भाकरी थापता थापता त्या बाईला बंदरावर अशी उभी करायची की माझ्या अंगावर काटा यायचा. आणि मी, परीक्षा पास झालेली, दुसऱ्याच ओळीला पाण्यात पडायची. मला तिचा इतका राग आला की एक दिवस मी जेवले नाही. आईनं माझीही भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "एकटीला जमायचं न्हाय तुला. मंडळ बोलवावं लागंल."

मंडळ आलं. नऊ बायका. आमच्याकडे भजनाची रीत अशी की एकीनं ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती उचलायची. उचलली नाही तर तो म्हणणारीचा अपमान. मागं एकदा तुळजापूरच्या वाटेवर गाडीत एका मावशींची ओळ कुणी उचलली नाही, सगळ्या पेंगत होत्या, तर त्या मावशी दोन महिने मंडळात आल्या नव्हत्या. त्यामुळं मी बंदराची पहिली ओळ कशीबशी म्हटल्याबरोबर नऊ बायकांनी ती उचलली, आणि चमत्कार झाला. त्यांचा सूर कानात गेला की माझी पुढची ओळ बऱ्यापैकी जागेवर पडायची.

अडचण एकच होती. मशीनवरची चाल कुणासाठी थांबत नाही. त्यावर त्याच मावशींनी तोड काढली. चाल माझ्या फोनवर लावलेली असायची, तो फोन मांडीवर घेऊन त्या बसायच्या. माझी ओळ संपली की अंगठ्यानं चाल थांबवायच्या, मंडळाचं उचलून झालं की पुन्हा सोडायच्या. महिनाभर आम्ही असाच सराव केला, आणि जपान्यांना एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

मुलाखत सकाळी अकराला होती. आईनं मंडळाला आतल्या खोलीत बसवून दम दिला होता, "कुणी चकार शब्द काढायचा न्हाय. टाळ घरी ठेवून यायचं." त्यांना घरीच थांबा म्हणणं शक्य नव्हतं. महिनाभर घाम गाळला होता त्यांनी.

फोनच्या पडद्यावर आश्रमाच्या प्रमुख बाई होत्या, साठीच्या, चष्मा लावलेल्या. शेजारी चाकाच्या खुर्चीत आश्रमातली एक अगदी म्हातारी आजी, तोंड आंबट करून बसलेली. प्रश्न ठीक गेले. वयही बरोबर सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "आता गाणं. चाल आम्ही इकडून लावतो."

इकडून लावतो! मावशींचा अंगठा इकडे होता आणि चाल तिकडे, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत गाणं सुरू झालं होतं.

पहिली ओळ मी खालच्या आवाजात, गुपित सांगितल्यासारखी म्हटली. शेपटाला कंपसुद्धा दिला, तो निम्मा भीतीचाच होता. आणि सवयीनं थांबले. चाल पुढं निघून गेली. मी थांबलेलीच. मग आतल्या खोलीत कुणालातरी माझा अपमान सहन झाला नाही. नऊच्या नऊ बायकांनी ती ओळ उचलली, आणि सगळ्यांच्या वर काळी पाचमध्ये, चकार शब्द काढू नका म्हणून दम देणारी माझी आई.

त्यांचं संपलं तेव्हा मशीन तिसऱ्या ओळीवर होतं. मी दुसरी म्हटली. त्यांनी उचलली. एकदा सुरू झालेलं मंडळ मध्येच थांबवायची ताकद माझ्या सात पिढ्यांत कुणात नव्हती. तिकडची चाल तिन्ही कडवी संपवून मोकळी झाली, तरी आमची बाई बंदरावरच होती. उरलेलं दीड कडवं आम्ही चालीशिवाय, पूर्ण म्हटलं. शेवटी मी दोन्ही हातांत माईक धरल्यासारखं करून वाकले आणि वर बघायचं धाडसच होईना. परंड्याचं दुकान मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं, कव्हरांच्या रांगांसकट.

"आत कोण आहे?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मंडळ बाहेर आलं. डोक्यावरचे पदर सारखे करत सगळ्या एका फोनमध्ये मावायला धडपडू लागल्या. मावशींनी पडद्याला रामराम घातला.

बाई मला म्हणाल्या, "तुमचं गाणं चांगलं नाही." जपानी लोक तोंडावर असं बोलत नाहीत, असं मॅडमनी शिकवलं होतं. "एकटीनं गाता येतं का?"

"नाही," मी म्हटलं. डोळे भरून आले होते. "दुसऱ्याची ओळ उचलता येते. तेवढंच येतं."

"म्हणजे?"

मी सांगितलं आमची रीत काय आहे ते. त्या ऐकत राहिल्या. मग शेजारच्या आजींकडे वळून काहीतरी म्हणाल्या. आजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या माझ्या आईकडे एकटक बघत होत्या.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला, निवड झाली. आईनं गावभर सांगितलं की मंडळाची निवड झाली. का झाली, हे मला तिथं पोचल्यावर पहिल्या बुधवारी कळलं. आज्या एकेक करून उठायच्या, माईक घ्यायच्या, आणि निम्म्या जणी मध्येच शब्द विसरायच्या. पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. चाल पुढं जायची, आज्या माईक खाली ठेवून गप्प बसायच्या, आणि बाकीचे सभ्यपणे टाळ्या वाजवायचे. आमच्याकडे असं कुणाला एकटं पडू देत नाहीत.

चाकाच्या खुर्चीतल्या आजींची पाळी आली. त्यांनी बंदराचंच गाणं लावलं. दुसऱ्या ओळीला त्या अडल्या. मी त्यांची पहिली ओळ उचलली, मग दुसरी सुरू करून दिली, अगदी माझ्या त्याच घशातून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजींनी मान वळवून मला नीट ऐकून घेतलं आणि पुढचं सगळं गाणं म्हटलं. प्रत्येक ओळीला थांबून, माझ्या उचलण्याची वाट बघून. मशीन कधीच संपून गेलं होतं.

गाणं झाल्यावर त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. मी वाकून कान पुढं केला.

"सूर फार वाईट आहे तुझा," त्या म्हणाल्या. "आईला का नाही आणलंस?"

मी हसले, आणि माईकची वायर गुंडाळायच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले.