सवयीने लिहिलेला नकार

मित्रांनो, आज माझी एक चूक सांगतो. नाशिकमधल्या एका कार्यालयात मी माहिती अधिकाराचे अर्ज पाहतो.

देवळालीच्या एका मावशींचा अर्ज मी परवा नाकारला होता. त्यांचे वडील आमच्याच पाणीपुरवठा खात्यात कामगार होते. ऐंशीच्या दशकात ते टाकीवरून पडून वारले. ‘प्यायलेला होता,’ असं लोक आजही म्हणतात. मावशींना चौकशीचा अहवाल हवा होता. मी नेहमीसारखं लिहिलं, ‘त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती, देता येत नाही.’

आज त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “त्रयस्थ कोण हो साहेब? बाप हाय तो माझा.”

मी कायदा पुन्हा उघडला. वीस वर्षांहून जुन्या कागदाला हे कारण चालतच नाही. अहवाल शोधला आणि त्यांना वाचून दाखवला : ‘दारूचा अंश आढळला नाही. शिडी मोडकी होती.’

त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग हळूच विचारलं, “एवढी वर्षं हे तुमच्याकडंच पडून होतं?”

“हो,” म्हणत मी अहवालाची प्रत त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी देवापुढे बसलो, पण नाव घेता येईना. नकाराच्या त्या एका वाक्याने मी आजवर किती जणांना परत पाठवलं असेल? तुमच्याही हातून असं होतं का?