कॉन्ट्रास्टची सुई

नौपाड्यातल्या एका एमआरआय सेंटरमध्ये मी मावशीचं काम करते. पेशंटला गाऊन द्यायचा, अंगावरचं सगळं काढून ठेवायला लावायचं आणि सांगायचं, "हलू नका, फोटो खराब होतो." संध्याकाळी आंबिवलीला घरी जाताना डबा रिकामा असतो, पण किस्से भरपूर.

*

शीळफाट्याच्या एक ताई मंगळसूत्र काढायला तयारच होईनात. गळा मोकळा ठेवायचा नसतो म्हणे. शेवटी काढून नवऱ्याच्या हातात दिलं. तपासणी करून बाहेर आल्या, तर मिस्टर ते स्वतःच्या गळ्यात घालून पेपर वाचत बसलेले!

"दोघांतला एक गळा तरी भरलेला हवा ना," म्हणाले.

*

आमच्या डॉक्टर मॅडमना नवीन काही वाचलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदा चहाच्या वेळी म्हणाल्या, फोटो स्पष्ट यावा म्हणून सुईतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध देतो ना, त्याच्या फ्लोरिनवाल्या प्रकारावर संशोधन चालू आहे. आत्ता मशीन मुख्यतः अंगातलं पाणी बघतं, आणि पाणी तर सगळीकडेच. मशीनला दिसेल असं फ्लोरिन अंगात जवळपास नसतंच, म्हणून सुईतून सोडलेलं तेवढंच उठून दिसतं.

रिसेप्शनवरच्या सावंतबाई म्हणाल्या, "म्हणजे नवी सून. घर माणसांनी भरलेलं, पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर."

*

हे बाकड्यावर बसलेल्या एका आजोबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांची तपासणी. आल्या आल्या मॅडमना म्हणाले, "फ्लोराइडच्या पेस्टने सकाळपासून सारखे दात घासतोय. आता सुई नको."

*

मग माझ्या लेकीला, स्वराला झटके यायला लागले. पहिलीत आहे ती. कॉन्ट्रास्टचा एमआरआय लिहून दिला. मी मॅडमना म्हटलं, तिला ते फ्लोरिनवालंच द्या, नवीन आहे म्हणजे चांगलंच असेल. मॅडम म्हणाल्या, "अगं, ते अजून पेशंटला देत नाहीत. आणि नेहमीच्या सुईने काही होत नाही असं तूच सगळ्यांना सांगतेस ना?"

सांगते. पण ती दुसऱ्यांची पोरं असतात.

घरी स्वराला पलंगाखाली झोपवून मी वर बसून मशीनच्या आवाजासारखं ताट बडवायची आणि म्हणायची, हलू नको, फोटो खराब होतो. तिला तो खेळच वाटला.

त्या दिवशी आत मी तिचे पाय धरून बसले. मशीन धडधडून थांबलं. सिस्टरने कॉन्ट्रास्ट सोडलं. माझे हात जे थरथरायला लागले, ते काही केल्या थांबेनात.

मशीनच्या बोगद्यातून बारीक आवाज आला,

"आई, हलू नको ना. फोटो खराब होतो."